डोंगराच्या रेषांनी पृथ्वी तोलणारे गणिती : चार्ल्स हटन

सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलनिर्देशक नकाशा उलगडला की डोंगराळ भागावर तपकिरी रंगाच्या बारीक, वळणदार रेषा पसरलेल्या दिसतात. शाळेच्या भूगोलात त्यांना समोच्च रेषा म्हणतात. धरणाचे अभियंते, रस्त्यांची आखणी करणारे आणि सह्याद्रीत भटकणारे गिर्यारोहक या रेषांवर विसंबून असतात. त्या डोंगराचे रूप दाखवण्यासाठी असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि आजच्या नकाशांपुरती ती खरीही आहे. परंतु जमिनीवरच्या डोंगरावर अशा रेषा आरंभी ज्यांनी काढल्या, त्यांतील सर्वांत ख्यातनाम गणितज्ञाला डोंगर दाखवायचा नव्हता. त्याला पृथ्वी तोलायची होती, आणि डोंगरावरच्या रेषा हा त्या हिशेबातला केवळ एक मधला टप्पा होता. या गणितज्ञाचे नाव चार्ल्स हटन.

हटन यांचा जन्म १४ ऑगस्ट १७३७ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल येथे झाला. टाईन नदीच्या काठचा तो सारा परिसर कोळशाच्या खाणींचा. वडील खाणीवरच कामाला होते. ते चार्ल्स पाचेक वर्षांचा असताना वारले. आईने दुसरे लग्न केले, तेही खाणीवर मुकादमी करणाऱ्या माणसाशी. घरातल्या मोठ्या मुलांची वाट ठरलेली होती आणि धाकट्याचीही तीच ठरली असती. पण सातव्या वर्षाच्या सुमारास रस्त्यावरच्या मुलांशी झालेल्या झटापटीत चार्ल्सच्या उजव्या हाताचे कोपर निखळले. मारझोडीच्या भीतीने त्याने ते काही दिवस घरी सांगितले नाही, आणि कळले तेव्हा सांधा पूर्ववत बसवण्याची वेळ निघून गेली होती. हात कायमचा अधू झाला. असा मुलगा कुदळीच्या कामाचा नाही, हे ओळखून घरच्यांनी त्याला शाळेत घातले.

ती शाळाही बेताचीच. एक वृद्ध स्कॉटिश बाई मुलांना बायबलावरून वाचायला शिकवीत. एखादा शब्द त्यांना स्वतःलाच लागला नाही, तर तो लॅटिन आहे असे सांगून पुढे जायला लावीत, अशी आठवण हटन यांच्या चरित्रकारांनी जपून ठेवली आहे. पुढे जेस्मंड गावात आयव्हिसन नावाच्या पाद्र्यांकडे त्याचे खरे शिक्षण झाले. तरीही १७५५-५६च्या सुमारास अठरा वर्षांच्या चार्ल्सला लाँग बेंटनच्या खाणीत कोळसा फोडण्यासाठी उतरावेच लागले. अधू हाताने ते काम फार काळ निभावले नाही. आयव्हिसन दुसरीकडे गेले तेव्हा त्यांची शाळा या तरुणाने चालवायला घेतली. दिवसा मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी स्वतः गणित शिकायचे, असा क्रम सुरू झाला.

१७६० मध्ये हटन न्यूकॅसल शहरात आले आणि त्यांनी गणिताची शाळा काढली. शहरातल्या प्रतिष्ठितांची मुले त्यांच्याकडे येऊ लागली. पुढे लॉर्ड एल्डन या नावाने इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झालेला जॉन स्कॉट हा त्यांतलाच एक. १७६४ मध्ये त्यांनी अंकगणितावर शिक्षकांसाठी पुस्तक लिहिले, आणि त्यानंतर मापनशास्त्रावरचा मोठा ग्रंथ भागाभागांनी प्रसिद्ध केला. त्या ग्रंथातल्या आकृत्या लाकडी ठशांवर कोरण्याचे काम थॉमस बेविक या उमेदवारी करणाऱ्या मुलाकडे आले. हाच मुलगा पुढे इंग्लंडमधला सर्वांत नामांकित काष्ठकोरक ठरला. १७७० मध्ये हटन यांनी न्यूकॅसलची मोजणी करून शहराचा नकाशा तयार केला. पुढच्याच वर्षी टाईनला आलेल्या महापुरात शहराचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा त्यांनी पुलांच्या कमानींच्या गणितावर पुस्तक लिहिले. या काळातले त्यांचे सगळे काम असे जमिनीला धरून होते. क्षेत्रफळ, घनफळ, भिंत, कमान, रस्ता : जे मोजता येते ते मोजायचे. पुढे डोंगर मोजायचा प्रसंग आला तेव्हा हीच सवय उपयोगी पडली.

१७७३ मध्ये वुलिच येथील रॉयल मिलिटरी अकादमीत गणिताच्या प्राध्यापकाची जागा भरायची होती. त्या काळी अशा जागा बहुधा वशिल्याने भरल्या जात. या वेळी मात्र उमेदवारांची रीतसर परीक्षा घेण्यात आली. परीक्षकांत राजज्योतिषी नेव्हिल मस्केलिन होते. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेला न्यूकॅसलचा शाळामास्तर त्या परीक्षेत सर्वांच्या पुढे निघाला. दुसऱ्याच वर्षी हटन रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१७७४चा तो उन्हाळा मस्केलिन यांनी स्कॉटलंडमधल्या पर्थशरच्या डोंगरांत, पावसात आणि धुक्यात काढला. प्रश्न न्यूटनच्या काळापासूनचा होता. प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला ओढत असेल, तर मोठा डोंगरही आपल्या शेजारच्या वस्तूंना ओढत असला पाहिजे. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी जो ओळंबा लावतो, तो डोंगराच्या पायथ्याशी धरला तर किंचित डोंगराकडे झुकायला हवा. किती झुकतो हे कळले, आणि डोंगर केवढा व कशाचा बनला आहे हे कळले, तर डोंगर आणि पृथ्वी यांची तुलना करता येते. पृथ्वीचे आकारमान तेव्हा ठाऊक होते. तिच्यात द्रव्य किती, याचा मात्र केवळ तर्क होता. ती पाण्याच्या पाच ते सहा पट जड असावी, असा न्यूटनचा अंदाज होता.

प्रयोगासाठी शिहॅलियन हा डोंगर निवडण्यात आला. १०८३ मीटर उंचीचा, इतर डोंगरांपासून बराच सुटा, पूर्व-पश्चिम पसरलेला आणि दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा उतरणारा. तो शोधून काढला चार्ल्स मेसन यांनी. पण रोज एका गिनीच्या मोबदल्यात तिथे राहून काम करायला ते तयार झाले नाहीत, तेव्हा स्वतः मस्केलिन यांना जावे लागले. डोंगराच्या दक्षिण आणि उत्तर उतारावर वेधशाळा उभारून त्यांनी ताऱ्यांचे तीनशेहून अधिक वेध घेतले. ओळंब्याने ठरवलेल्या खस्वस्तिकावरून दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत ५४.६ विकलांचा फरक येत होता, तर जमिनीवरच्या मोजणीने तो सुमारे ४३ विकलाच भरत होता. उरलेल्या ११.६ विकला म्हणजे डोंगराने दोन्ही बाजूंच्या ओळंब्यांना आपल्याकडे ओढल्याची एकत्रित खूण. डोंगर ओढतो हे सिद्ध झाले. मस्केलिन यांना १७७५चे कोप्ली पदक मिळाले. डोंगरावरच्या निरोपाच्या मेजवानीत झोपडीला आग लागून एका स्थानिक मुलाचे फिडल जळाले आणि मस्केलिन यांनी त्याला लंडनहून नवे पाठवले, अशी एक लोभस कथाही त्या मुलखात सांगितली जाते.

परंतु डोंगर ओढतो हे कळणे आणि पृथ्वी केवढी जड आहे हे कळणे यांच्यामध्ये एक अवाढव्य हिशेब उभा होता. तो करण्याची जबाबदारी हटन यांच्यावर आली.

डोंगराची प्रत्यक्ष मोजणी रूबेन बरो आणि विल्यम मेंझीज यांनी केली होती. बरो हे तऱ्हेवाईक आणि तोंडाळ गृहस्थ. मोजणीचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, या रागाने ते अखेरपर्यंत धुमसत राहिले. पुढे ते हिंदुस्थानात आले, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हिंदूंना द्विपद सिद्धांत ठाऊक असल्याचे मांडणारा लेख लिहिला आणि १७९२ मध्ये बक्सर येथे त्यांचे निधन झाले. हटन यांच्या हाती आली ती या दोघांनी जमवलेली कोनांची, अंतरांची आणि उंच्यांची रास.

डोंगर म्हणजे भूमितीतला शंकू नव्हे की सूत्र घातले आणि घनफळ निघाले. त्याच्या प्रत्येक भागाचे ओळंब्यापासूनचे अंतर वेगळे, दिशा वेगळी, उंची वेगळी. म्हणून ओढही वेगळी. हटन यांनी प्रत्येक वेधशाळेभोवती एकात एक अशी वीस वलये कल्पिली आणि प्रत्येक चतुर्थांशाचे बारा भाग पाडले. अशा रीतीने आसपासच्या प्रदेशाचे ९६० उभे खांब झाले. खांबाची सरासरी उंची ठाऊक झाली की त्याची ओढ काढता येते. वलये आणि भाग त्यांनी अशा खुबीने बेतले होते की प्रत्येक खांबासाठी मुख्यतः एकच गोष्ट पाहावी लागे : त्याचा माथा वेधशाळेतून किती कोनात वर किंवा खाली दिसतो. हजारो गुणाकार त्यामुळे वाचले.

अडचण निराळीच होती. मोजणीचे बिंदू कुठे दाट तर कुठे विरळ पडले होते. कित्येक खांबांच्या वाट्याला एकही बिंदू आला नव्हता. मग त्यांची उंची ठरवायची कशी? या पेचातून हटन यांना जी वाट सुचली, ती आज प्रत्येक शाळकरी नकाशात दिसते. कागदावर मांडलेल्या बिंदूंपैकी ज्यांची उंची सारखी आहे, ते त्यांनी पेन्सिलीच्या फिक्या रेषेने जोडले. मग दुसऱ्या उंचीचे, मग तिसऱ्या. पाहता पाहता एकात एक बसलेल्या वेड्यावाकड्या बंद आकृत्या तयार झाल्या आणि कोरड्या आकड्यांतून डोंगराचा आकार वर आला. आता एखाद्या खांबात बिंदू नसला तरी तो कोणत्या दोन रेषांमध्ये येतो, एका रेषेच्या किती जवळ आहे, हे पाहून त्याची उंची ठरवता येत होती.

समोच्च रेषा वाचण्याचे सारे कौशल्य या एका कल्पनेत सामावलेले आहे. डोंगराभोवती पाणी भरत गेले आणि ठरावीक उंचीवर थांबले, तर काठाची जी ओल उमटेल ती एक समोच्च रेषा. भारतीय सर्वेक्षणाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशांवर डोंगराळ भागात अशा दोन लगतच्या रेषांत साधारणतः २० मीटरचे अंतर धरलेले असते. रेषा एकमेकींना खेटून आल्या की समजावे, थोड्या चालीत फार चढायचे आहे. दूर दूर गेल्या की जमीन सपाटीकडे झुकली. गोवा आणि बेळगाव यांच्यामधला सह्याद्री नकाशावर पाहिला तर हे एका दृष्टिक्षेपात कळते. चोर्ल्याच्या पश्चिमेला, कड्यांच्या बाजूने, रेषांची दाटी होऊन तपकिरी पट्टाच तयार होतो, आणि पूर्वेला पठाराकडे वळताच त्या सैलावतात. ओढा किंवा नदी ओलांडताना रेषा मागे खेचल्यासारख्या वाकतात. त्यांचे टोक नेहमी उगमाच्या दिशेने असते. डोंगराच्या सोंडेवर हेच टोक उलट, उताराकडे वळते. आकृती सारखी आणि अर्थ विरुद्ध, म्हणून नवख्याची फसगत इथेच होते. सोंड आणि घळ यांतला भेद आकारावरून करू नये, रेषांवर लिहिलेल्या आकड्यांवरून करावा. उतरणीला सोंड म्हणून धरलेली वाट घळ निघाली, तर पावसाळ्यात प्रसंग जिवावरचा होतो.

हटन हे या रेषांचे जनक, असे सर्रास लिहिले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. पाण्याखालच्या समान खोलीच्या रेषा त्यांच्याआधी होत्या : हॉलंडमध्ये निकोलास क्रुक्वियस यांनी नदीच्या तळाच्या, तर फ्रान्समध्ये फिलिप ब्वाश यांनी इंग्लिश खाडीच्या तळाच्या अशा रेषा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच काढल्या होत्या. फ्रेंच लष्करी अभियंत्यांतही हा विचार स्वतंत्रपणे रुजत होता. हटन यांचा खरा अधिकार वेगळा आहे. उंचीचे तुटक आकडे रेषांनी जोडले की मधल्या न मोजलेल्या जागाही बोलू लागतात, हे त्यांनी एका खऱ्या डोंगरावर, एका खऱ्या हिशेबासाठी करून दाखवले. ज्यांच्या हातून नवी चित्रलिपी घडते, त्यांना ती अनेकदा केवळ सोय वाटत असते. हटन यांनाही तसेच वाटले असावे, कारण निबंधातला त्यांचा भर रेषांवर नाही, उत्तरावर आहे.

हे उत्तर त्यांनी १७७८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवले. पृथ्वी जर शिहॅलियनच्या खडकाइतकीच घन असती, तर ओळंब्यांचे एकत्रित विचलन सुमारे २१ विकला आले असते. प्रत्यक्षात ते ११.६ होते. म्हणजे पृथ्वीची सरासरी घनता डोंगराच्या नऊ-पंचमांश. खडक पाण्याच्या अडीच पट जड धरला तर पृथ्वी साडेचार पट जड ठरते. पृथ्वीचा गाभा पृष्ठभागापेक्षा कितीतरी जड असला पाहिजे, हे त्यातून उघड झाले. ती पोकळ असल्याच्या कल्पना निकालात निघाल्या. गाभा धातूचा असावा आणि त्याने पृथ्वीच्या व्यासाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग व्यापला असावा, असा तर्क हटन यांनी केला. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांच्या घनता तोवर केवळ पृथ्वीच्या तुलनेत सांगता येत. आता त्यांनाही प्रत्यक्ष आकडे मिळाले. कोळशाच्या खाणीत उतरलेल्या माणसाने पृथ्वीच्या पोटाचा असा ठाव घ्यावा, यात एक औचित्य आहे.

त्याच वर्षी हटन यांनाही कोप्ली पदक मिळाले, पण ते डोंगराच्या हिशेबाबद्दल नव्हे. तोफेच्या दारूची शक्ती आणि गोळ्यांचा वेग यांवर वुलिचला केलेल्या प्रयोगांबद्दल ते होते. डोंगराचे पदक आधीच मस्केलिन यांच्याकडे गेले होते. या वाटणीत अन्याय झाला, असे म्हणायला जागा आहे. ताऱ्यांच्या वेधांनी विचलन दिले, तरी पृथ्वीचा आकडा हिशेबातून निघाला.

पुढची ठेच अधिक लागली. रॉयल सोसायटीच्या परदेशी पत्रव्यवहाराचे सचिवपद हटन यांच्याकडे होते. अध्यक्ष जोसेफ बँक्स हे धनाढ्य जमीनदार आणि वनस्पतिशास्त्राचे भोक्ते. १७८३-८४च्या हिवाळ्यात सचिवाने लंडनमध्येच राहिले पाहिजे, असा नियम पुढे करून वुलिचला राहणाऱ्या हटन यांना पद सोडायला लावण्यात आले. गणितज्ञ खवळले, मस्केलिन आणि सॅम्युएल हॉर्स्ले त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण मतदानात बँक्स यांचीच सरशी झाली. वाद वरकरणी पत्रव्यवहाराच्या ढिलाईचा होता. त्याच्या तळाशी, विज्ञान उमरावांच्या दिवाणखान्याचे की पोटासाठी शिकवणाऱ्या मास्तरांचे, हा प्रश्न होता.

हटन यांनी आपले काम थांबवले नाही. १७९५-९६ मध्ये त्यांचा गणित व भौतिक शास्त्रांचा कोश निघाला, १७९८ मध्ये अकादमीच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचा अभ्यासक्रम. स्त्रियांसाठी म्हणून निघणाऱ्या आणि गणिती कोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘लेडीज डायरी’ या वार्षिकाचे संपादन त्यांनी १७७३ पासून १८१८ पर्यंत, पंचेचाळीस वर्षे, केले. घरी मात्र दुःखे होती. १७९४ मध्ये त्यांची एक मुलगी कॅमिला ही ग्वादलूप बेटावर पीतज्वराने पतीसह दगावली. मागे राहिलेले तिचे तान्हे मूल आजोबांकडे आले आणि त्यांनीच ते वाढवले. सपाट तळाच्या ज्या रुळाला अभियंते विन्योल्स रूळ म्हणतात, त्याच्याशी नाव जोडले गेलेले रेल्वे अभियंते चार्ल्स विन्योल्स ते हेच.

हटन १८०७ मध्ये वार्षिक ५०० पौंडांच्या निवृत्तिवेतनावर सेवामुक्त झाले, तरी शिहॅलियनचा हिशेब त्यांच्या मनातून गेला नाही. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाचे गोळे आणि पिळणारी तार वापरून पृथ्वीची घनता ५.४८ काढली होती आणि लोक तोच आकडा सांगू लागले होते. दरम्यान जॉन प्लेफेअर यांनी शिहॅलियनचे खडक तपासले. ते हटन यांनी धरल्यापेक्षा जड निघाले. त्या आधाराने ८३ वर्षांच्या हटन यांनी १८२१ मध्ये पुन्हा निबंध लिहून आपला आकडा पाचाच्या जवळ नेला आणि पहिल्या प्रयत्नाचे श्रेय विसरू नये, असे सुचवले. त्या वयात, अधू हाताने, चाळीस वर्षांपूर्वीचे उत्तर दुरुस्त करण्याची त्यांची ही चिकाटी कोणत्याही पदकापेक्षा त्यांची ओळख अधिक पटवते.

२७ जानेवारी १८२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच जानेवारीत, हैदराबादहून नागपूरकडे निघालेले त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्ब्टन हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर आजही तेथे आहे. लॅम्ब्टन यांच्या मोजणीची सारी भिस्त ओळंब्यावर होती, आणि ओळंबा डोंगराकडे झुकतो हा शिहॅलियनचा धडा त्या मोजणीला पुढे फार जड गेला. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना यांच्या अक्षांशांत तारे आणि त्रिकोण यांचा मेळ सुमारे ५.२ विकलांनी चुकला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५०च्या दशकात हिमालयाची ओढ हिशेबात धरली, तर चूक जवळजवळ १६ विकलांची यायला हवी होती. हिमालय दिसतो तेवढा ओढत नाही, कारण त्याच्या खाली हलक्या खडकाची खोल मुळे आहेत, ही कल्पना या विसंगतीतूनच पुढे आली.

मराठीशी हटन यांचा संबंध याहून सरळ आहे. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी पंडितांच्या साहाय्याने गणिताची जी मराठी पाठ्यपुस्तके तयार केली, त्यांचा एक आधार हटन यांचे ग्रंथ होते. पाश्चात्त्य पद्धतीचे गणित मराठीतून शिकणाऱ्या पहिल्या मुलांपर्यंत न्यूकॅसलच्या मास्तरांची शिकवण अशी पोहोचली.

शिहॅलियनचा हिशेब २००७ मध्ये पुन्हा करण्यात आला. या वेळी पेन्सिलीच्या रेषांऐवजी डोंगराच्या उंचीचे संगणकीय जाळे वापरले गेले. ओळंब्याचे वेध मात्र मस्केलिन यांचेच, १७७४चे. पृथ्वीची घनता ५.४८ निघाली, आज मान्य असलेला आकडा ५.५१ आहे.